पाच घरांची गोधडी

फार फार पूर्वी, नद्यांना पूल नव्हते आणि निरोप माणसांच्या पायांनीच चालत जायचे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनीही हातातलं काम घटकाभर खाली ठेवून ऐकावी.

एका राज्यात, डोंगर संपून सपाटी सुरू होते तिथे, एक लेखनघर होतं. शेताची हद्द असो, घराची वाटणी असो, कुणाचं लग्न असो की कुणाचं बारसं, सगळ्याची नोंद तिथल्या मोठ्या वहीत व्हायची. लोकांनी आपला मजकूर पाठवायचा, लेखनिकानं तो वहीत उतरवायचा आणि नोंद झाल्याची खूण म्हणून एक लाकडी बिल्ला परत धाडायचा, अशी तिथली रीत होती.

या लेखनिकाला सगळे अण्णा म्हणत. अण्णांची पन्नाशी उलटली होती. घरी कुणी नव्हतं. गुडघे दुखायचे. पण अक्षर! अक्षर असं की ओळ कुठे वाकडी गेली हे शोधायला कुणी पट्टी लावावी, आणि पट्टीच वाकडी निघावी.

अण्णांना एकच त्रास होता. लोक मजकूर पाठवायचे ते भलत्याच तऱ्हेनं.

तेल्यानं आपला कागद तेलाच्या बुधल्यात घालून पाठवला. तो अण्णांना दोन दिवस दोरीवर निथळत ठेवावा लागला. एका धनगरानं कागद मेंढ्याच्या गळ्यात बांधून मेंढा एकटाच पाठवला. मेंढा आला तेव्हा गळ्यात अर्धाच कागद होता. अण्णांनी निरोप पाठवला तर धनगराचा उलट निरोप आला, "उरलेलं मेंढ्याला विचारा, त्याच्याच पोटात आहे." एका म्हातारीनं वाळलेल्या भोपळ्यात कागद सरकवला होता. तो आत गेला होता खरा, पण बाहेर येईना. आणि एका गावकऱ्यानं तर आपल्या घराची वाटणी घराच्याच दारावर कोळशानं लिहिली, आणि ते दार दोन माणसांच्या डोक्यावर देऊन पाठवलं. वर सांगणं, "लवकर वाचा आणि परत करा. घर उघडं पडलंय."

कहर केला तो एका बागवानानं. त्यानं मजकूर पोपटाला पाठ करून घेतला. पोपट अण्णांच्या मेजावर बसून खणखणीत म्हणू लागला, "पूर्वेला विहीर, पश्चिमेला बांध, उत्तरेला आंब्याची तीन झाडं, मेल्या, पाय धुऊन आत ये!"

"हे शेवटचं कुठे लिहायचं?" अण्णांनी डोकं धरलं.

लेखनघराची झाडलोट करणारी मावशी हसून हसून खाली बसली. "उत्तरेलाच लिहा अण्णा. तिथेच उभी असेल त्याची बायको."

मावशीला हसू यायचं, अण्णांना येत नसे. त्यांना वाटायचं, एवढं सरळ काम, लोक ते इतकं वाकडं का करतात? आपल्याला त्रास द्यायचा म्हणूनच ना?

शेवटी एक दिवस अण्णा कारभाऱ्यांकडे गेले. कारभारी म्हणजे लेखनघराचे वरिष्ठ, शिक्का त्यांच्या हातात. अण्णांनी एक नियम लिहून त्यावर शिक्का उठवून घेतला आणि तो दारावर लावला.

"कागद एक वीत रुंद, दोन विती लांब असावा. घडी एकच असावी. त्याला डाग नको, वास नको, गाठ नको, शिवण नको. याखेरीज दुसरं काहीही आलं तर त्यास कागद समजलं जाणार नाही."

त्यानंतर जे काही वेगळं यायचं ते अण्णा मागच्या कोठीत ठेवून द्यायचे. कोठी भरत गेली आणि मेज रिकामं होत गेलं. अण्णांना बरं वाटलं.

ज्येष्ठ संपता संपता, पहिल्या सरी पडून गेल्यावर, एक मिठाचा व्यापारी लेखनघराशी थांबला. त्याच्या बैलाच्या पाठीवरून त्यानं एक जाड गोधडी उतरवली.

"अण्णांना द्यायची आहे म्हणे."

"कुणी दिली?"

"मला कुंभारानं दिली. त्याला लाकूडतोड्यानं दिली. त्याच्या आधी कुणाच्या हातात होती, ठाऊक नाही. जपून द्या, एवढं मात्र प्रत्येकानं पुढच्याला सांगितलंय."

अण्णांनी गोधडी हातात घेतली. धुराचा आणि मधाचा मंद वास होता. वर पाच वेगवेगळ्या कापडांचे तुकडे होते, आणि टाके असे बारीक की मुंगीनंच घातले असावेत. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली. आयुष्यात कधी कुणी त्यांना काही भेट म्हणून पाठवलं नव्हतं. लोक काम पाठवायचे. भेट ही पहिलीच.

"माझे गुडघे दुखतात हे कुणाला तरी ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

अण्णांची बैठक खिडकीशी होती. खाली दगडी फरशी, पावसाळ्यात बर्फासारखी गार. अण्णांनी गोधडीची चौघडी केली, बैठकीवर घातली आणि वर बसले. किती दिवसांनी त्यांचे गुडघे निवांत झाले!

"अण्णा, तुम्ही बसलात की कुरकुरते हो ती," मावशी केर काढता काढता म्हणाली.

"नवी आहे. बसेल हळूहळू."

"गोधडी कुठे कुरकुरते का? उकलून बघा एकदा."

"एवढी सुरेख शिवण उकलू? तू पण ना, मावशी!"

असा आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपद गेला. अण्णा रोज त्या गोधडीवर बसून लोकांचे सरळ, स्वच्छ, एक घडीचे कागद वहीत उतरवत राहिले. आश्विनात खिडकीतून ऊन येऊ लागलं तेव्हा तर गोधडी अशी ऊबदार व्हायची की त्यांना उठावंसंच वाटत नसे.

आता त्या राज्यातला एक कायदा सांगायला हवा.

कुणाला एखादं मूल सापडलं आणि त्यानं ते पोटच्यासारखं वाढवलं, तर मूल सात वर्षांचं झालं की त्या वर्षाची वही मिटण्याआधी त्याचं नाव वहीत चढायला हवं. त्यासाठी पाच घरांची साक्ष लागायची. वही मिटायची दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळताना. नाव चढलं नाही तर राजधानीची गाडी यायची आणि मुलाला राजाच्या बालशाळेत घेऊन जायची. राजा दुष्ट नव्हता. राज्यातलं कोणतंही मूल बिनघराचं राहू नये म्हणूनच त्यानं हा कायदा केला होता. बालशाळेत दूध होतं, अंथरूण होतं, शिकवायला गुरुजी होते. फक्त आई नव्हती.

वही मिटायला दहा दिवस उरले होते. त्या दिवशी सकाळी डोंगरातली एक बाई लेखनघरात आली. मध गोळा करणारी, हातापायांवर काट्यांचे ओरखडे, कपाळावर मोठं कुंकू. तिच्या बोटाला धरून एक मुलगी होती. मुलीचे पुढचे दोन दात पडले होते आणि ती त्या फटीतून जिभेचं टोक काढून सगळीकडे टुकूटुकू बघत होती.

"अण्णा, आमचा बिल्ला आला नाही अजून," बाई म्हणाली. "नदीचं पाणी उतरायची वाट बघत होते. उतरलं तशी निघाले. हिचं नाव चढवायचंय. सावरीच्या झाडाखाली सापडली, म्हणून सावरी."

अण्णांनी आलेल्या कागदांची यादी काढली. बोट फिरवत वरून खाली गेले, खालून वर आले.

"बाई, तुमच्या पाड्यावरून कागद आलेला नाही."

"आलाय अण्णा."

"नाही आला. माझ्या यादीत चूक नसते."

 बाईची नजर अण्णांच्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि बैठकीवर थांबली. बराच वेळ ती बघत राहिली. मग अगदी मऊ आवाजात, जसं आजारी माणसाला उठवतात तसं, म्हणाली,

"अण्णा, जरा उठता का?"

अण्णा उठले.

बाईनं चौघडी उलगडली, तिच्यावरून हात फिरवला. "हा काय आमचा कागद."

मावशीचा झाडू जागच्या जागी थांबला.  मुलगी पुढे आली आणि तिनं मान वर करून विचारलं,

"तुम्ही आमच्या गोधडीवर बसला होता?"

"हो गं."

"ऊब होती ना?"

"होती," अण्णा कसंबसं म्हणाले.

"मधला काळा तुकडा आहे ना, तो थोरल्या बाबांच्या घोंगडीचा आहे. तीच ऊब ती."

बाईनं कमरेची सुरी काढून एका कडेची शिवण उसवली. आत मेण लावलेला कागद होता. पाड्यावर कुणाला लिहिता येत नव्हतं. वर्षातून एकदा येणाऱ्या एका गोसाव्याकडून तिनं तो लिहून घेतला होता, आणि भिजू नये म्हणून दोन्ही बाजूंनी मेणात घोळला होता. पण चार महिने अण्णा त्यावर बसले होते. ऊब आणि ऊन लागून मेण पाघळलं होतं आणि घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवायला गेलं की अर्धं अक्षर इकडे राही, अर्धं तिकडे जाई. मधोमध एकच शब्द शाबूत राहिला होता. सावरी.

"पाण्याचा विचार केला होता," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "उंदरांचा केला होता. वर कुणी बसेल, हा काही केला नव्हता."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर अण्णांना सोसलं असतं. तिनं रागानं म्हटलं नाही.

"मी दुसरा लिहून देतो," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "आत्ता लिहितो. पाच घरांना इथे बोलवा."

"चारच घरं येतील अण्णा. पाचव्या घरचे थोरले बाबा श्रावणात गेले. एकटेच होते, त्यांचं घर आता बंद आहे. आणि आमच्या पाड्यावर माझं घर सोडलं तर पाचच घरं. त्यांचा शब्द आता फक्त या तुकड्यात आहे."

"तुकड्यात म्हणजे?"

तेव्हा बाईनं आपल्याकडची चाल सांगितली. त्यांच्याकडे कुणी कुणासाठी शब्द दिला, तर अंगावरच्या वस्त्राचा एक तुकडा फाडून देतो. फाटलेलं ते वस्त्र तो तसंच वापरतो, ठिगळ लावत नाही. शब्द पुरा होईपर्यंत ती फाटकी जागा त्याला रोज दिसत राहावी, म्हणून. सावरी आमच्यातलीच आहे असा शब्द पाच घरांनी दिला, पाच तुकडे दिले, आणि बाईनं ते गोधडीत शिवले.

अण्णा गोधडी घेऊन थेट कारभाऱ्यांकडे गेले. बाई आणि मुलगी मागे होत्या. कारभाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले, दारावरच्या नियमाशी गेले आणि मोठ्यानं वाचू लागले. "वास नको, गाठ नको, शिवण नको." ते वळले. "अक्षर तुमचंच ना अण्णा?"

"माझंच."

"हे बघा, मला या पोरीला गाडीत बसवायची हौस नाही. पण पाच चिंध्या कुणीही कुठूनही आणून शिवू शकतो. हे तुकडे त्याच पाच माणसांचे, हे मला दाखवा. मी शिक्का उचलतो. दहाव्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मी इथेच आहे."

अण्णांनी गुडघ्यांना तेल लावलं, जन्मात पहिल्यांदा लेखनघर मावशीच्या हवाली केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच बाईबरोबर निघाले. निघताना त्यांनी एक सुंदर कागद तयार केला. एक वीत रुंद, दोन विती लांब. वर मजकूर, खाली अंगठ्यांसाठी जागा. आता तरी सगळं रीतसर होईल, असं त्यांना वाटलं.

बाईला ती वाट तीन दिवसांची होती. अण्णांना चार लागणार होते. गोधडी बाईच्या डोक्यावर होती. कागद अण्णांनी हातातच धरला होता, घडी मोडू नये म्हणून.

पहिल्या दिवशी एका वस्तीवर पाणी प्यायला थांबले. तिथल्या म्हाताऱ्यानं कागदाकडे बघून विचारलं, "एवढा कोपरा फाडून देता का? तंबाखू बांधायला." दुसऱ्या मुक्कामी अण्णांचा डोळा लागला आणि एका शेळीनं कागदाची कड चाखून पाहिली. सावरीनं शेळीला हाकललं आणि गंभीरपणे सांगितलं, "कागद असा ठेवायचा नसतो अण्णा. शेळ्यांना कळतो तो."

तिसऱ्या दिवशी नदी आली.

पाणी छातीपर्यंत होतं आणि ओढ अशी की उभं राहणं कठीण. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर बांधला होता. बाईनं सावरीला पाठीशी बांधलं, गोधडी डोक्यावर घट्ट बसवली आणि दोन्ही हातांनी दोर धरून ती पाण्यात उतरली. मागून अण्णा. त्यांच्या एका हातात दोर होता, दुसऱ्या हातात उंच धरलेला कागद.

नदीच्या मध्यावर त्यांचा पाय घसरला. माणूस बुडायला लागला की हात दोराकडेच जातो. अण्णांचा गेला. काठावर पोचले तेव्हा मुठीत भिजलेल्या कागदाचा लगदा होता, आणि कमरेची शाईची कुपी नदीनं धुऊन काढली होती.

अण्णा वाळूत बसून राहिले. शेजारी गोधडी ठेवली होती. वरचा पदर तेवढा ओला होता, आत हात घातला तर कोरडी ठणठणीत.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही गोधडीतून का पाठवलंत, हे मी विचारलंच नाही."

बाई केस पिळत होती. "नदी ओलांडायला दोन्ही हात लागतात अण्णा. कागद धरायला तिसरा हात कुठून आणायचा? गोधडी डोक्यावर बसते, कागद बसत नाही. आणि पुढे किती जणांच्या हातून जाणार ती. कागद म्हटला की कुणी चूल पेटवील, कुणी काही बांधील. गोधडी कुणी टाकत नाही. आपल्याच घरची असल्यासारखी सांभाळतात."

अण्णांना बुधला आठवला. तेल्याच्या घरात कागदाला कोरडी जागा ती कुठे असणार? भोपळा आठवला. म्हातारीच्या झोपडीत उंदीर पोचणार नाही असं तेवढंच असेल. ज्याच्या घरी दाराखेरीज लिहायला काहीच नव्हतं, त्यानं घर उघडं टाकून दारच पाठवलं होतं. आणि आपण त्या दाराला हसलोसुद्धा नव्हतो. रागावलो होतो.

चौथ्या दिवशी दुपार कलताना ते पाड्यावर पोचले. बाईनं हाक दिली तशी चार घरांतून माणसं आली, आणि येताना आपापली वस्त्रं घेऊन आली. एका बाईचं हिरवं लुगडं, एकाचं मुंडासं, एकाची बंडी. चौथा तर जे धोतर नेसला होता, तेच फाटकं होतं. अण्णांनी गोधडी अंगणात पसरली आणि एकेक वस्त्र तुकड्याशी नेऊन लावलं. हिरव्याला हिरवं मिळालं. फाटलेली कड कडेत बसली, सूत सुताला भेटलं. लेखणीनं इतकी अचूक ओळ अण्णांनी कधी काढली नव्हती.

"आणि थोरल्या बाबांची घोंगडी?" अण्णांनी विचारलं.

 मुंडासंवाला म्हणाला, "गेलेल्या माणसाची वस्त्रं आम्ही ओढ्यात सोडतो अण्णा."

अण्णांनी गोधडीवरचा हात काढून घेतला. ते ओट्यावर टेकले.

"वेडे का तुम्ही?" हिरव्या लुगड्याची बाई त्याच्यावर खेकसली. "शब्द दिलेलं वस्त्र कधी सोडतात का? बाबांचा शब्द पुरा कुठे झालाय अजून? मी होते तिथे, घोंगडी वेगळी काढली होती. पण ठेवली कुठे, ते..."

तिचं बोलणं संपायच्या आत सावरी धूम पळाली. परत आली ती दोन्ही हातांत एक काळी घोंगडी कवळून. घोंगडीतून एक करडू डोकं बाहेर काढून बें बें करत होतं.

"बाबांच्या शेळीचं आहे. थंडी वाजत होती त्याला," ती म्हणाली. "बाबा असते तर त्यांनी पण गुंडाळलं असतं."

करडाला बाहेर काढलं. घोंगडीचा एक कोपरा फाटलेला होता. अण्णांनी तो गोधडीतल्या काळ्या तुकड्याशी नेला. घोंगडीवर विटकरी रंगाची एक बारीक रेघ होती. ती रेघ घोंगडीवरून निघाली आणि तुकड्यावर जाऊन पुढे सरळ चालत राहिली. अण्णांनी तिच्यावरून बोट फिरवलं. त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी कुणीतरी आपला हात हातात घ्यावा, तसं त्यांना वाटलं.

"ही पाचही वस्त्रं मला न्यावी लागतील," ते म्हणाले.

"न्या की," धोतरवाला म्हणाला. "पण मी नेसू काय, पानं?"

सगळा पाडा हसला. अण्णाही हसले, आणि त्यांनी पिशवीतलं आपलं धुतलेलं धोतर त्याला काढून दिलं.

दुसरा सबंध दिवस बाई आणि अण्णा शिवत बसले. पाची वस्त्रं घडी करून गोधडीच्या पोटात घातली, वर मेण लावलेलं फडकं, आणि चारी बाजूंनी दुहेरी शिवण. अण्णांचे टाके वाकडेतिकडे येत होते. सावरी शेजारी बसून सांगत होती, "हा उसवा. हा पण उसवा."

परतीचे चार दिवस अण्णांना आयुष्यभर आठवले. नदीत या खेपेला गोधडी त्यांच्या डोक्यावर होती आणि दोन्ही हात दोरावर. दहाव्या दिवशी गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते. शेवटच्या चढणीवर अण्णा म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा." बाई म्हणाली, "साक्ष वहीत कोण उतरवणार? मला लिहिता येतं होय?" आणि तिनं त्यांचा दंड धरला.

ते लेखनघरात शिरले तेव्हा ऊन भिंतीवरून वर सरकत छपराला टेकलं होतं. वही बांधायची दोरी काढून ठेवली होती, लाख वितळत होती. कारभारी उभेच होते. मावशी दारात उभी राहून रस्ता बघत होती.

कारभाऱ्यांच्या देखत गोधडी उसवली. लुगडं लागलं. मुंडासं लागलं. बंडी, धोतर लागलं. घोंगडी लागली आणि विटकरी रेघ पुन्हा एकदा या कापडावरून त्या कापडावर गेली. कारभाऱ्यांनी ती वाकून पाहिली, दोनदा पाहिली.

"तुकडे त्यांचेच, हे मी मान्य करतो," ते सावकाश म्हणाले. "पण अण्णा, गेलेल्या माणसाची साक्ष वहीत कशी धरायची?"

"शब्द दिला तेव्हा तो होता," अण्णा म्हणाले. "इथे पोचला तेव्हाही तो होता. त्यानंतर तो शब्द माझ्या बुडाखाली होता. उशीर त्यानं केला नाही महाराज, मी केला."

"आणि दारावरचा नियम?"

अण्णा लंगडत दाराशी गेले. त्यांनी तो कागद काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. "अक्षर माझं होतं. खोडायचा हातही माझाच असू द्या."

 कारभाऱ्यांनी लाखेचं भांडं खाली उतरवलं आणि वही अण्णांपुढे सरकवली. अण्णांनी लेखणी घेतली. दोर आणि सुई धरून बोटं आखडली होती, त्यामुळे ओळ जरा वाकडी गेली. त्या वहीत अण्णांच्या हातची तेवढी एकच ओळ वाकडी आहे. सावरी, असं लिहून त्यापुढे त्यांनी तिच्या आईचं घर लिहिलं. मग पाची वस्त्रांचं एकेक सूत काढून सुईनं त्या पानावर नावाशेजारी टाचलं. सूर्य मावळला तेव्हा शिक्का ओला होता.

सावरीनं बिल्ला दातांच्या फटीत धरून पाहिला. मग विचारलं, "आता गोधडी कुणाची?"

"तुझीच," अण्णा म्हणाले. "आम्ही वाचून घेतली."

दिवाळी झाल्यावर अण्णांनी मागची कोठी उघडली. मेंढ्याच्या गळ्यातल्या पट्ट्या, मडकी, टोपल्या, नळकांडी, एकेक वस्तू मेजावर आणून ती कुणी, कुठून, कोणत्या वाटेनं पाठवली असेल ते शोधत गेले. बऱ्याच नोंदी झाल्या, बिल्ले गेले. काहींना उशीर झाला होता. त्यांच्या दारी अण्णा स्वतः चालत गेले आणि हात जोडून आले.

लेखनघराच्या दारावर आता नवीन पाटी लागली होती. "जसं जमेल तसं पाठवा. फक्त ते उघडायचं कसं, एवढं सोबत सांगा."

आणि अण्णा पुन्हा उघड्या फरशीवर बसू लागले.

पुढच्या ज्येष्ठात तोच मिठाचा व्यापारी आला. त्यानं बैलाच्या पाठीवरून एक लहानशी, गुबगुबीत चौकोनी गादी उतरवली. तिच्यावर वाकडेतिकडे टाके होते, लहान हातांनी घातलेले. निरोप मात्र या वेळी कुणाच्याही हातून सांडला नव्हता. मधवालीनं लाकूडतोड्याला, लाकूडतोड्यानं कुंभाराला, कुंभारानं व्यापाऱ्याला जसा दिला तसाच तो अण्णांपर्यंत आला होता.

"सावरीनं सांगितलंय, उकलू नका. हे बसायलाच आहे."

अण्णांनी तरीही बसण्याआधी चारी शिवणींवरून हात फिरवून पाहिला. मावशी केर काढत होती. ती नुसती हसली.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: कुणी आपलं म्हणणं कशात गुंडाळून पाठवलं आणि का, हे ज्यानं जाणून घेतलं नाही, त्यानं ते म्हणणं वाचलंच नाही.